साडेअकरा इंची बॅरलला कोणता सप्रेसर? ‘सगळ्यात शांत तोच घे’ हे मला पटत नाही

ब्लँकोकाठी

ऑस्टिनच्या पश्चिमेला मित्राचं शेत आहे, तिथे रानडुकरं फार माजली आहेत. एका रात्रीत मक्याचं अख्खं वावर नांगरल्यासारखं उलथून टाकतात. टेक्ससमध्ये डुकरांना शिकारीचा बंद हंगाम नाही, आणि २०१२पासून शिकारीत सप्रेसर, म्हणजे बंदुकीचा आवाज दाबणारा सायलेन्सर, वापरायलाही मुभा आहे. ग्रीन कार्ड हातात पडल्यावर मी रीतसर नोंदणी करून ५.५६ मिमी काडतुसाची, साडेअकरा इंची बॅरलची एआर (एआर-१५ पद्धतीची रायफल) घेतली. (एच-१बीवर असलेल्यांनी लक्षात ठेवा: शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर तुम्हाला बंदूक बाळगता येत नाही. आधी वकिलाला विचारा.)

आता सप्रेसर घ्यायचाय. १९३४च्या कायद्याने लागलेला २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६पासून शून्य झालाय. अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, पार्श्वभूमी तपासणी हे सगळं आहे तसंच आहे. कर गेल्यापासून माझ्या ओळखीतले सगळे दुकानात धावतायत आणि प्रत्येकाचा सल्ला एकच: डेसिबलचा तक्ता बघ, सगळ्यात कमी आकडा असेल तो उचल.

मला हे चुकीचं वाटतं. आखूड बॅरलचं दुखणं निराळं आहे. सोळा किंवा वीस इंची नळीत दारूला जळायला वाव मिळतो. साडेअकरा इंचात गोळी बाहेर पडते तेव्हा मागचा वायू अजून प्रचंड दाबाखाली असतो, आणि तो थेट सप्रेसरच्या पहिल्या पडद्यावर, म्हणजे ब्लास्ट बॅफलवर आदळतो. आवाज उत्तम दाबणारा पारंपरिक सप्रेसर हा वायू कोंडून धरतो. कोंडलेला वायू जाणार कुठे? नळीतून उलटा बोल्टकडे, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या भागाकडे, आणि तिथून नेमबाजाच्या तोंडावर.

मित्राचा तसाच एक सप्रेसर माझ्या रायफलवर लावून बघितला. आवाज खरंच सुंदर दबला. पण दहाव्या-बाराव्या गोळीला डोळ्यांतून पाणी यायला लागलं, घशात अमोनियासारखा झोंबरा वास बसला, आणि घरी येऊन चष्मा काढला तर काचेच्या आतल्या बाजूला काळसर थर. रिकामी काडतुसं उजवीकडे पडायच्या ऐवजी पुढे, घड्याळात एक वाजतो त्या दिशेला उडत होती. वायू जास्त झाल्याचं हे सरळ लक्षण.

म्हणून माझं मत: आखूड बॅरलला वायू पुढे काढून देणारा, कमी उलटदाबाचा सप्रेसर घ्यावा. चार-पाच डेसिबल जास्त झाले तरी चालतील. धातू इन्कोनेल (उष्णता सोसणारा निकेलचा मिश्रधातू) किंवा चांगलं स्टील. टायटॅनियम हलकं असलं तरी या बॅरलला नको.

रेंजकर_डॅलस

भाऊ, लक्षणं बरोबर ओळखलीस, पण औषध चुकतंय. वायू जास्त होतोय तो रायफलीत, तर दुरुस्तीही रायफलीत कर. बहुतेक कारखाने गॅस पोर्टचं, म्हणजे नळीतला वायू यंत्रणेकडे नेणारं भोक सढळ हाताने मोठं ठेवतात, म्हणजे स्वस्तातलं काडतूसही अडकत नाही. त्यावर सप्रेसर चढला की वायू उतू जाणारच. वायू कमी-जास्त करता येणारा गॅस ब्लॉक बसव, बफर (दस्त्यातलं, बोल्टचा झटका झेलणारं वजन) जड घाल, चार्जिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) मागून वायू अडवणारं लाव. सगळं मिळून सप्रेसरच्या किमतीच्या पाव भागातही होणार नाही.

दुसरं, तुझे ते वायू पुढे फेकणारे सप्रेसर मी अंधारात वापरलेत. पुढे वायू म्हणजे पुढे ज्वाळही. डुकरं येतात रात्री. रात्रीच्या दुर्बिणीतून बघताना नळीच्या टोकाशी लखलखाट झाला की पहिली गोळी सुटल्यावर दुसरं डुक्कर कुठे गेलं ते कळतच नाही. शिवाय नेमबाजाचे डोळे वाचतात, पण शेजारी उभ्या असलेल्याच्या कानाचं काय?

तिसरं. पारंपरिक ३० कॅलिबरचा (०.३० इंची गोळीसाठीचा) एक सप्रेसर घे, मागे हब पद्धतीचे आटे, म्हणजे वेगवेगळे जोड बसणारे प्रमाणित आटे, असलेला. साडेअकरा इंची एआरवर लागेल, उद्या .३०८ घेतलीस तर तिलाही लागेल. ५.५६साठी भोक जरा मोठं पडतं, म्हणून एक-दोन डेसिबल जातात, पण नोंदणी एकदाच करावी लागते. एवढे फॉर्म भरायचे तर एकाच बंदुकीपुरता सप्रेसर का घ्यायचा?

कानसेन

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, ह्यूस्टनला. बंदुकीतलं फार कळत नाही, नवरा शिकारीला जातो एवढंच. पण कानाचं बोलायलाच हवं.

अशा अचानक येणाऱ्या आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानतात. सप्रेसरशिवाय या रायफली १६०च्या पुढे जातात. चांगला सप्रेसर साधारण २० ते ३५ डेसिबल कमी करतो. म्हणजे आखूड बॅरलवर आपण त्या रेषेच्या आसपासच घुटमळतो, कधी खाली, कधी वर. आणि सप्रेसरमध्ये आधीपासून हवा भरलेली असते, त्यातल्या ऑक्सिजनमुळे पहिली गोळी पुढच्या गोळ्यांपेक्षा मोठ्याने वाजते. शिकारीत तर बहुतेक वेळा पहिलीच गोळी असते!

अजून एक. तक्त्यातला आकडा पुष्कळदा नळीच्या टोकाशी मोजलेला असतो. एआरमध्ये काडतूस बाहेर पडायची खिडकी उजव्या कानापासून वीतभर अंतरावर असते. सप्रेसर वायू मागे ढकलत असेल तर टोकाशी शांत असलेली रायफल कानाशी शांत असेलच असं नाही. या मुद्द्यावर मी ब्लँकोकाठींच्या बाजूने आहे. आकडा बघायचाच तर नेमबाजाच्या कानाशी मोजलेला बघा.

आणि कोणताही घ्या, कानात बोळे घालाच. माझ्याकडे पस्तिशी-चाळिशीची माणसं येतात, रात्री उशीवर डोकं टेकलं की कानात शिट्टी सुरू होते. ती शिट्टी थांबवायचं औषध माझ्याकडे नसतं.

नऊइंची

मुळात काडतूसच चुकलंय. ५.५६ वीस इंची बॅरलसाठी घडवलेलं काडतूस आहे, त्याला आखूड नळीत कोंबायचं आणि मग सप्रेसरकडून चमत्काराची अपेक्षा ठेवायची. .३०० ब्लॅकआउट हे काडतूस घ्या. नऊ इंचात दारू जवळपास पूर्ण जळते. जड सबसॉनिक गोळी सेकंदाला ३२० मीटरच्या आसपास जाते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या आत, त्यामुळे हवा फाटल्याचा कडाका होत नाही. तुमच्या ५.५६ला जगातला कुठलाही सप्रेसर लावा, तो कडाका राहणारच.

ब्लँकोकाठी

@नऊइंची, कडाक्याबद्दल शंभर टक्के खरं. पण सबसॉनिक गोळीची ऊर्जा माझ्या गोळीच्या साधारण निम्मी. आणि ती इतकी खाली येते की शंभर मीटरवर अंतराचा अंदाज जरा चुकला तर गोळी पोटात. जखमी डुक्कर झुडपात शिरून रात्रभर तडफडतं, ते मला बघवत नाही. एकदा बघितलंय, पहाटेपर्यंत टॉर्च घेऊन शोधत होतो. शांततेपेक्षा जनावर जागेवर पडणं मला महत्त्वाचं. सबसॉनिक मला चाळीस-पन्नास मीटरच्या आतच ठीक वाटतं.

@कानसेन ताई, मनापासून आभार. मुलगा सोबत येतो, त्याला बोळे आणि वरून मफ दोन्ही घालायला लावतो.

फौजी_आजोबा_सातारा

मुलांनो, मी पायदळात होतो. तुमची चर्चा वाचली, ज्ञान चांगलं आहे. पण एक प्रश्न कुणीच विचारला नाही. सायलेन्सर नागरिकाच्या हातात असावाच का? बंदुकीचा आवाज ही गावाला मिळणारी सूचना असते. आवाज आला की माणसं सावध होतात, पोलिसाला दिशा कळते. डुकरं मारायला पूर्वीही लोक जात होते, कान घेऊनच जात होते.

ब्लँकोकाठी

आजोबा, नमस्कार. प्रश्न रास्त आहे. सिनेमातला ‘फुस्स’ आवाज प्रत्यक्षात होत नाही. सप्रेसर लावलेली माझी रायफल शेताच्या दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येते. हायरम पर्सी मॅक्सिमने १९०९मध्ये याचं पेटंट घेतलं, तेव्हा तो मोटारीच्या सायलेन्सरचा सख्खा भाऊच होता. नॉर्वे, फिनलंडमध्ये शिकारी सर्रास वापरतात. नोंदणी असावी याला माझा विरोध नाही, उलट हवीच. पण आवाज ऐकू येणं आणि कान फुटणं यात फरक आहे.

फौजी_आजोबा_सातारा

फरक मान्य. तरी माझं मत तेच. आमच्या तुकडीतल्या निम्म्या माणसांना आज कमी ऐकू येतं, मलाही डाव्या कानाने येत नाही, म्हणून कानसेनताईंचं म्हणणं मनाला लागलं. पण फौजेला द्या, वनखात्याला द्या. घराघरात नको.

शिकागोकर

आमच्या इलिनॉयमध्ये हा प्रश्नच नाही, बंदी आहे. एक गोष्ट मात्र सांगतो. राज्याबाहेर शिकारीला जाणार असाल तर सप्रेसर नेण्यासाठी एटीएफची (शस्त्रांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याची) पूर्वपरवानगी लागत नाही, पण सोळा इंचांच्या आतली रायफल न्यायची तर आधी फॉर्म ५३२०.२० मंजूर करून घ्यावा लागतो. आणि वाटेतल्या राज्यांचे कायदे बघा. भाचा टेक्ससहून इकडे येणार होता, त्याला वेळेत अडवलं.

रेंजकर_डॅलस

@ब्लँकोकाठी, टायटॅनियमवर एक मुद्दा राहिला होता. त्यात मी तुझ्याशी सहमत. ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याची ताकद घसरायला लागते, आणि आखूड बॅरलवर भराभर गोळ्या झाडल्या की ठिणग्या उडतात, त्या त्याच्या अंगाचेच कण असतात. लांब बॅरलच्या बोल्ट रायफलीला उत्तम, इथे नको. शुअरफायर कंपनीचा आरसी२ सप्रेसर सुमारे ४८० ग्रॅमचा आहे, डेड एअर कंपनी काही सप्रेसरच्या पडद्यांना स्टेलाइट (कोबाल्टचा कठीण मिश्रधातू) वापरते. वजन सोसावंच लागतं. आणि कंपनीने किमान बॅरल-लांबी छापलेली असते ती वाच. दहा इंच लिहिलं असेल तर साडेसातवर लावू नकोस, वॉरंटी सोड, पडदाच फाटेल.

बाकी वादासाठी असं करू. शनिवारी मी ऑस्टिनला आहे. माझा पारंपरिक घेऊन येतो, जड बफरही आणतो. तुझ्याच रायफलीवर दोन्ही प्रकार मारून बघू.

ब्लँकोकाठी

झालं बघून. प्रत्येकी तीन मॅगझिन, तेच काडतूस, वारा जवळपास नव्हता.

जड बफर घातल्यावर रेंजकरांच्या सप्रेसरखाली काडतुसं नीट तीन वाजताच्या दिशेला, एकाच ढिगात पडायला लागली. त्यांचं म्हणणं इथे सिद्ध झालं, मी मानतो. पण दुसऱ्या मॅगझिनच्या मध्याला माझे डोळे पुन्हा चुरचुरायला लागले. पूर्वीपेक्षा कमी, पण लागले.

मग उसना आणलेला वायू पुढे काढणारा लावला. तिन्ही मॅगझिन संपली, चष्मा स्वच्छ. मुलगा डावीकडे दहा पावलांवर होता. तो म्हणाला, “बाबा, हा जास्त वाजतो.” बोळे आणि मफ असून त्याला फरक कळला. सूर्य मावळल्यावर पुन्हा मारला तर टोकाशी लिंबाएवढी नारिंगी ज्वाळ दिसली.

तरी मी तोच घेतोय. शेतात मी बहुतेक एकटाच असतो, आणि मुलगा आला की यापुढे माझ्या मागे उभा राहील. अर्ज सोमवारी भरतो.

रेंजकर_डॅलस

ज्वाळ लिंबाएवढी नव्हती, मोसंबीएवढी होती. मी बाजूला होतो. रात्रीच्या शिकारीला तू हा घेऊ नयेस या मतावर मी ठाम आहे. बफर तुझ्याकडेच राहू दे, तुझ्या रायफलीला तो असाही हवाच होता.