घरच्या राउटरवर वायरगार्ड: ॲप 'ॲक्टिव्ह' म्हणतं, पण घरचं काहीच दिसत नाही

संत्रा_बर्फी

नमस्कार मंडळी. आईबाबा नागपूरला मनीषनगरात, मी पुण्याला. घरी स्थानिक कंपनीचं १०० एमबीपीएसचं फायबर आहे. कंपनीचा ओएनटी (फायबर जिथे लागते तो डबा) आणि त्याच्यामागे टीपी-लिंकचा आर्चर सी६ राउटर, व्हर्जन ३, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची मुक्त प्रणाली टाकली आहे. ओएनटीचा पत्ता १९२.१६८.१.१, माझ्या राउटरच्या लॅनचा १९२.१६८.०.१.

पुण्याहून घरचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र) बघायचा आहे आणि एका छोट्या नॅसवरच्या (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कवरच्या) फाइली उघडायच्या आहेत. राउटरवर वायरगार्ड या व्हीपीएनचा (नेटवरून घरापर्यंतच्या खासगी बोगद्याचा, म्हणजे टनेलचा) इंटरफेस केला, किल्ल्या तयार केल्या, फोनमध्ये क्यूआर कोड स्कॅन केला, फायरवॉलमध्ये यूडीपी प्रकारचं पोर्ट ५१८२० उघडलं. ॲप 'ॲक्टिव्ह' दाखवतं, पाठवलेले बाइट वाढत जातात, आलेले शून्यच. पोर्ट तपासणाऱ्या साइटवर ५१८२० बंद दिसतं. किल्ल्या पुन्हा बनवून झाल्या, फरक नाही.

डीव्हीआर लावणाऱ्याने ओएनटीमध्ये आणि राउटरमध्ये पोर्ट ८००० फॉरवर्ड करून (त्यावर बाहेरून येणारं डीव्हीआरकडे वळवून) ठेवलंय, तेही बाहेरून चालत नाही. कुठे बघू?

अंबाझरी_०७१२

ताई, किल्ल्यांना हात लावू नका, त्या बहुतेक बरोबरच असतील. ८००० चं फॉरवर्डही चालत नाही, म्हणजे बाहेरून येणारं पॅकेट तुमच्या घरापर्यंत पोचतच नाही, मग ते डीव्हीआरसाठी असो की वायरगार्डसाठी.

आधी दोन गैरसमज काढून टाका. 'ॲक्टिव्ह' म्हणजे फोनवरचा इंटरफेस चालू आहे, एवढंच. समोरून कोणी उत्तर दिलं की नाही, हे 'लेटेस्ट हँडशेक' या ओळीवर कळतं. ती ओळ नसेल तर जोडणी झालेलीच नाही. दुसरं, पोर्ट तपासणाऱ्या साइटवर विश्वास ठेवू नका. त्यातल्या बहुतेक टीसीपी या दुसऱ्या प्रकारची पोर्टं तपासतात, आणि वायरगार्ड तर अनोळखी पॅकेटला मुद्दामच उत्तर देत नाही. सगळं नीट चालू असलं तरी तिथे 'बंद'च दिसेल.

आता हे पाहा. ओएनटीच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या नेटच्या बाजूचा) आयपीव्ही४ पत्ता काय आहे? तुमच्या राउटरवर १९२.१६८.१ मधला पत्ता दिसेल, तो उपयोगाचा नाही, ओएनटीवरचाच बघा. मग घरच्याच वायफायवरून 'माझा आयपी' दाखवणारी कुठलीही साइट उघडा.

दोन्ही पत्ते एकच असतील, तर ओएनटीमधून ५१८२० राउटरकडे पाठवा. यूडीपी निवडा, टीसीपी नाही. किंवा ओएनटी ब्रिज मोडवर (नुसता पूल म्हणून) टाकून घ्या, म्हणजे पीपीपीओई, म्हणजे कंपनीकडचं लॉगिन, राउटरच डायल करेल. त्यासाठी कंपनीकडून यूजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन (लाइनवरच्या आभासी नेटवर्कचा) क्रमांक लागतो. व्हीलॅन चुकला की राउटर नुसताच 'कनेक्टिंग' करत बसतो, म्हणून तंत्रज्ञ घरी असतानाच हे करून घ्या.

पत्ते वेगळे असतील आणि ओएनटीवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. ही रेंज २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवली. काही केबलवाले १० ने सुरू होणारेही पत्ते देतात, अर्थ तोच. एक सार्वजनिक पत्ता शेकडो घरांत वाटलेला असतो, आणि बाहेरून आलेलं पॅकेट कोणत्या घरी द्यायचं हे कंपनीच्या यंत्राला ठाऊक नसतं. तिथे तुमचं पोर्ट फॉरवर्डिंगही चालत नाही आणि डीडीएनएसही (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सेवा).

आणि ८००० चं फॉरवर्ड आजच काढा, दोन्ही ठिकाणचं. आज ते पोचत नाही म्हणून वाचलात. उद्या सार्वजनिक पत्ता मिळाला की डीव्हीआर थेट रस्त्यावर. २०१६ मध्ये मिराई बॉटनेटने (यंत्रं बळकावून त्यांची फौज करणाऱ्या व्हायरसने) कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर कारखान्याच्या पासवर्डावरच ताब्यात घेतले होते. व्हीपीएन असताना डीव्हीआरचं एकही पोर्ट बाहेर उघडं लागत नाही.

संत्रा_बर्फी

ओएनटीवर १००.७२ ने सुरू होणारा पत्ता आहे, साइटवर १०३ वाला. म्हणजे सीजीनॅटच. ८००० काढलं. ओएनटीवर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा लांब) पत्ताही दिसतोय, त्याचा काही उपयोग? आणि हे सगळं कायद्यात बसतं ना, बाबा विचारताहेत.

खामला_फायबर

बाबांना सांगा, निश्चिंत राहा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश ग्राहकांना व्हीपीएन सेवा पुरवणाऱ्यांसाठी आहे. ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवायची जबाबदारी त्यांची. आपल्याच घरच्या यंत्रापर्यंत आपणच टनेल टाकला, तर त्यात ग्राहक कुणीच नाही.

आता तुमच्यापुढे चार वाटा आहेत.

सगळ्यात सरळ वाट म्हणजे कंपनीकडून स्टॅटिक आयपी घेणं. बऱ्याच कंपन्या जादा पैशांत देतात. मिळाला की तुमची आहे ती सगळी रचना ओएनटीतल्या एका फॉरवर्डवर चालू होईल. आधी हेच विचारा.

आयपीव्ही६ चा उपयोग आहे, पण अर्धवट. घरच्या राउटरला स्वतःचा जागतिक आयपीव्ही६ पत्ता हवा, नुसता ओएनटीला असून भागत नाही. ओएनटीच्या आयपीव्ही६ फायरवॉलमधून यूडीपी ५१८२० आत सोडावं लागतं, आणि कित्येक ओएनटींच्या पानावर ती सोयच नसते. मोबाइल डेटावर आयपीव्ही६ बहुधा मिळतं, म्हणून फोनवरून छान चालेल. ऑफिसच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर नुसतं आयपीव्ही४ असलं की संपलं. एकमेव मार्ग म्हणून यावर विसंबू नका.

तिसरी वाट टेलस्केल या तयार व्हीपीएन सेवेची. तेही आतून वायरगार्डच वापरतं आणि दोन्ही बाजू नॅटमागे (दुसऱ्याच्या पत्त्याआड) असल्या तरी वाट काढतं. थेट वाट नाही सापडली तर त्यांच्या रिले सर्व्हरमार्गे जातं, मग वेग पडतो. पण तुमच्या आर्चरची फ्लॅश १६ एमबीची, टेलस्केलचं पॅकेज तिथे मावणं कठीण. रास्पबेरी पाय किंवा जुना लॅपटॉप घरी कायम चालू ठेवून त्यावर 'सबनेट राउटर' करा, म्हणजे त्याच्यामार्फत घरची बाकीची यंत्रंही दिसतील. राउटरवर टाकू नका याचं आणखी एक कारण आहे: टेलस्केल स्वतःही १००.६४ चीच रेंज वापरतं आणि त्या रेंजमधून दुसऱ्या इंटरफेसवर आलेली पॅकेटं लिनक्सवर टाकून देतं. कंपनीचा डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा) त्याच रेंजमध्ये असेल, तर नेटच अडखळायला लागतं आणि कारण लवकर सापडत नाही.

चौथी वाट म्हणजे मुंबईच्या डेटा सेंटरमधला एक छोटा भाड्याचा सर्व्हर. एक कोर आणि ५१२ एमबी रॅम पुरते. राउटर घरातून बाहेर त्याला फोन करतो, तुम्ही पुण्याहून त्यालाच फोन करता, दोघं तिथे भेटता. बाहेर जाणारं पॅकेट सीजीनॅट अडवत नाही, म्हणून हे कुठल्याही कंपनीच्या नेटवर चालतं. स्टॅटिक आयपी मिळाला नाही तर मी हेच सुचवेन.

संत्रा_बर्फी

कंपनी म्हणते, स्टॅटिक आयपी फक्त व्यावसायिक प्लॅनवर. भाड्याचा सर्व्हर घेतला आहे, डेबियन टाकलं. पुढे कसं?

अंबाझरी_०७१२

सुरुवात घरच्या लॅनपासून. १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ या रेंज अर्ध्या जगाच्या वायफायवर असतात. तुम्ही बसलात तिथलं वायफायही त्याच रेंजमध्ये असेल, तर लॅपटॉप घरचा डीव्हीआर तिथल्याच खोलीत शोधत बसेल. लॅन १९२.१६८.४७.१ करा. मात्र त्याआधी डीव्हीआर आणि नॅसवर जा. लावणारे लोक डीव्हीआरला हाताने पक्का पत्ता देऊन जातात. लॅन बदलली की तो हरवतो आणि मग टीव्ही-माउस लावून बसावं लागतं. त्याला आधी डीएचसीपीवर (राउटरकडून आपोआप पत्ता घेण्यावर) टाका, नंतर राउटरमध्ये 'स्टॅटिक लीज' देऊन पत्ता पक्का करा.

टनेलसाठी १०.४७.० ची रेंज धरू. सर्व्हर १०.४७.०.१, राउटर १०.४७.०.२, फोन १०.४७.०.३, लॅपटॉप १०.४७.०.४.

सर्व्हरवर: वायरगार्ड टूल्स टाका, इंटरफेसला १०.४७.०.१/२४ द्या, लिसन पोर्ट ५१८२०. मग प्रत्येक यंत्राचा पीअर (समोरच्या यंत्राची नोंद). राउटरच्या पीअरमध्ये 'अलाउड आयपीज' दोन हवेत: १०.४७.०.२/३२ आणि १९२.१६८.४७.०/२४ (/३२ म्हणजे तो एकच पत्ता, /२४ म्हणजे ती सगळी रेंज). हा दुसरा विसरला की हँडशेक होतो, राउटर पिंग होतो आणि डीव्हीआर मात्र दिसत नाही. सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. 'अलाउड आयपीज' दोन कामं करतं: कोणता पत्ता या पीअरकडे पाठवायचा ते, आणि या पीअरकडून कोणत्या पत्त्याची पॅकेटं स्वीकारायची तेही. फोनला १०.४७.०.३/३२, लॅपटॉपला १०.४७.०.४/३२. एकच पत्ता दोन पीअरना दिला तर नंतरचा तो पळवतो, आणि पहिला मुका होतो.

सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंग चालू करा आणि रीबूटनंतरही टिकेल असं सिसकंट्रोलच्या फाइलीत लिहा. यूएफडब्ल्यू ही फायरवॉल वापरत असाल तर त्याचं फॉरवर्ड धोरण मुळात 'ड्रॉप' असतं, वायरगार्डच्या इंटरफेसपुरती परवानगी द्या. शिवाय भाड्याच्या सर्व्हरला कंपनीच्या वेब पॅनलमध्ये वेगळी फायरवॉल असू शकते. तिथेही यूडीपी ५१८२० उघडायचं.

राउटरवर: लुसीमध्ये (ओपनडब्ल्यूआरटीच्या सेटिंगच्या पानावर) वायरगार्ड इंटरफेस, पत्ता १०.४७.०.२/२४. आता लिसन पोर्ट आणि फायरवॉलमधला तुमचा जुना ५१८२० चा नियम, दोन्ही काढून टाका, बाहेरून आत काहीच यायचं नाही. पीअर एकच, सर्व्हरचा: एंडपॉइंटला सर्व्हरचा पत्ता, पोर्ट ५१८२०, अलाउड आयपीज १०.४७.०.०/२४, 'रूट अलाउड आयपीज'वर टिक, 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५. हे २५ सेकंदांचं ठोकणं इथे अत्यावश्यक आहे. ते नसेल तर ओएनटी आणि सीजीनॅट थोड्याच वेळात तुमची वाट विसरतात, आणि सर्व्हर घरी पोचू शकत नाही. इंटरफेस 'लॅन' झोनमध्ये टाका.

फोन आणि लॅपटॉपवर: सर्व्हरचा पीअर, अलाउड आयपीज १०.४७.०.०/२४ आणि १९२.१६८.४७.०/२४. म्हणजे फक्त घरचं ट्रॅफिक टनेलमधून जाईल, बाकीचं नेहमीसारखं. फोनवर कीपअलाइव्ह रिकामं ठेवा, बॅटरी वाचते. प्रत्येक यंत्राला वेगळी किल्ली. एकच किल्ली दोघांत वाटली की सर्व्हर शेवटी बोलणाऱ्यालाच खरा धरतो आणि दोघंही आलटूनपालटून तुटतात.

तपासताना फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तपासा.

दिघोरी_नाका

वरच्यात एमटीयूची (एका पॅकेटच्या कमाल आकाराची, बाइटमध्ये) भर. वायरगार्डचा नेहमीचा एमटीयू १४२०. तुमच्या फायबरवर पीपीपीओई असेल तर मूळ १४९२, त्यातून ८० वजा, म्हणून राउटरवर १४१२ लिहा. डीव्हीआरचं लॉगिन पान उघडतं पण चित्र येत नाही, किंवा नॅसची यादी दिसते पण फाइल उतरताना थांबते, अशी लक्षणं दिसली तर शंभरातले नव्वद वेळा एमटीयूच. सगळीकडे १२८० करून पाहा. चाललं, तर तिथून वर सरका.

वेगाचं आधीच सांगून ठेवतो. पुण्यात तुम्हाला मिळणार तो घरचा अपलोड. डाउनलोड कितीही असो, त्याचा इथे संबंध नाही. आर्चरमधली एमटी७६२१ ही चिप वायरगार्ड शंभर एमबीपीएसच्या पुढे नेऊ शकते, त्यामुळे तुमच्या लाइनला ती कमी पडणार नाही. ओपनव्हीपीएन हे दुसरं व्हीपीएन मात्र याच चिपवर वीसेक एमबीपीएसलाच दमतं. आठ कॅमेरे एकदम बघताना डीव्हीआरमध्ये 'सबस्ट्रीम' (कमी दर्जाचं, हलकं चित्र) निवडा.

संत्रा_बर्फी

हँडशेक झाला! राउटरचं पान उघडतं, नॅसही चालतो. डीव्हीआर तेवढा येत नाही. घरात बाबांच्या फोनवर दिसतो. पक्का पत्ता होता, तोच बदलून १९२.१६८.४७.२० केला, डीएचसीपी केलं नाही.

अंबाझरी_०७१२

डीव्हीआरच्या नेटवर्क पानावर 'गेटवे' बघा. रिकामा असेल किंवा अजून १९२.१६८.०.१ असेल. घरातल्या घरात गेटवे लागत नाही, म्हणून बाबांना दिसतो. तुम्ही येता १०.४७.०.३ वरून, ती त्याच्या दृष्टीने परकी रेंज, आणि उत्तर कुणाकडे द्यायचं ते त्याला माहीत नाही. १९२.१६८.४७.१ लिहा.

संत्रा_बर्फी

रिकामाच होता. लिहिलं, आठही कॅमेरे दिसताहेत. खूप आभार.

दिघोरी_नाका

मग एक काम लगेच करा, कारण हे घर नागपुरात आहे आणि तुम्ही नाही. वीज गेली की ओएनटी आणि राउटर दोन्ही पडतात. वीज आली की राउटर, आतमध्ये घड्याळाची बॅटरी नसल्याने, जुनीच वेळ घेऊन उठतो. वायरगार्डच्या हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो. मागच्यापेक्षा जुना शिक्का आला की सर्व्हर तो नाकारतो. एनटीपीने (नेटवरून वेळ जुळवणाऱ्या सोयीने) वेळ जुळली की आपोआप सुरळीत होतं, म्हणून सिस्टिममध्ये एनटीपी क्लायंट चालू आहे ना ते बघा. पुढे कधी राउटरचं सगळंच ट्रॅफिक टनेलमधून न्यायचं ठरवलंत, तर एनटीपी टनेलबाहेर ठेवा. नाहीतर वेळेसाठी टनेल आणि टनेलसाठी वेळ, असं अडकून बसेल.

दोघांसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, सीताबर्डीत मिळतो. घेण्याआधी दोन्ही ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, दोन्हींच्या अँपिअरची बेरीज यूपीएसच्या क्षमतेत बसली पाहिजे. एखादा ९ व्होल्टचा निघाला तर त्याला १२ व्होल्ट देऊ नका. आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा राउटर स्लॅबखालच्या माळ्यावर किंवा बंद टीव्ही युनिटमध्ये नको, कूलरच्या ओल्या झोतातही नको. डीव्हीआरलाही तेच लागू, त्याची हार्ड डिस्क उन्हाळ्यातच आधी जाते.

खामला_फायबर

राउटरच्या सेटिंगचा बॅकअप लुसीमधून उतरवून तुमच्या लॅपटॉपवर ठेवा. त्या फाइलीत खासगी किल्ली असते, म्हणून व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवू नका. फोन हरवला तर सर्व्हरवरून फक्त त्या फोनचा पीअर काढायचा, बाकी कशाला हात लावायची गरज नाही.