पुस्तकातला कातकरी आणि वर्गातला कातकरी

वाडीवरची बाई: काल पेणकरदादांनी लिहिलं, "पुस्तकात आदिवासींचं चित्र आहे, नाच आहे, अजून काय पाहिजे?" रात्री झोप नाही लागली मला. बारा वर्षं रायगडात शिकवतेय. आदिवासींचा तो धडा आला की पोरं वर्गातल्या कातकरी जमातीच्या पोराकडे बघून हसतात, "उंदीर खातोस ना रे?" आणि दुसऱ्या दिवसापासून तो येतच नाही. खैर उकळून कात काढायचे म्हणून कातकरी, जंगल कायदे आले, तो धंदा गेला नि हे वीटभट्टीवर मजुरीला गेले, यातलं पोरांना काय कळतं?

पेणकर: बाई, उंदीर खातात हे खोटं आहे का? माझ्या काकांच्या वीटभट्टीवर डोळ्यांनी बघितलंय.

मुरूडचा: खरं-खोटं राहू द्या हो, माझं ऐका. चौथीत शिवरायांचा इतिहास, जंजिऱ्याचा सिद्दी आला की अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायचा. अरे सिद्दी हबशी, आफ्रिकेतून आलेले, आम्ही कोकणी मुसलमान, आजोबा मचव्यावर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख! आणि महाराजांच्या आरमारात दौलतखान हा मुसलमान सरदार होता हे आमच्या मास्तरांनी एकदाही सांगितलं नाही.

देवगडकर: मग सिद्दी शत्रू नव्हता म्हणायचं? संभाजी महाराजांनी खाडी बुजवायला घेतली तरी जंजिरा पडला नाही. इतिहास बदलू नका.

मुरूडचा: कोण बदलतोय? नीट वाचा! शत्रू होता, शंभरदा होता. दौलतखानपण होता एवढंच म्हणतोय. तुमच्या पोराकडे वर्ग असा वळून बघितला असता म्हणजे कळलं असतं.

देवगडकर: पोराबाळांवर येऊ नका. दौलतखान मान्य. पण मास्तरांचा दोष पुस्तकावर कशाला?

वाडीवरची बाई: झालं, सगळे जंजिऱ्यावर, कातकरी राहिला बाजूला. पेणकरदादा, आपल्या रायगडातलं चिरनेर गाव माहितीय ना? २५ सप्टेंबर १९३०, इंग्रजांच्या जंगल कायद्याविरुद्धच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, त्यात नाग्या महादू कातकरी गेला.

पेणकर: चिरनेरच्या स्मारकावर नाव वाचलंय मी. पण आपल्या भट्टीवरचे ते हेच, असं कधी डोक्यात आलं नाही. बरं, हे पुस्तकात पाहिजे, कबूल. पण उंदराचं मी खोटं बोललो नाही.

वाडीवरची बाई: खोटं म्हटलंच नाही मी. सोमवारी फळ्यावर नाग्याचं नाव लिहिणार आहे. ऐकायला त्याच्या जमातीतलं एक पोर नसेल, पटावर आठ आहेत, दिवाळी झाली तशी आईबापाबरोबर भट्टीवर गेली. काकांना विचारा, त्यांच्याकडे किती आहेत.