मराठी अर्ज, हिंदी पाटी, इंग्रजी निकाल : नागपुरातल्या कामाचे अनुभव

धागा सुरू करताना

सिव्हिल लाइन्स ते किंग्जवे हे अंतर पायी जाण्याइतकं. तेवढ्यात जिल्हाधिकारी कार्यालयात मराठी, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात इंग्रजी आणि रेल्वेच्या विभागीय कार्यालयात हिंदी-इंग्रजी भेटते. बाहेर चहाच्या टपरीवर चौथीच चालते. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशात होतं, तेही राजधानी म्हणून. तिथल्या १९५० च्या राजभाषा कायद्यात हिंदी आणि मराठी दोन्ही होत्या. त्यामुळे इथले जुने कागदही दोन्ही भाषांत सापडतात.

मराठी-हिंदीवर मतं प्रत्येकाकडे आहेत, ती इथे नकोत. कोणता कागद कोणत्या टेबलावर अडतो, का अडतो आणि कसा सुटतो तेवढं लिहा. आपबीतीही नको. उद्या तोच कागद घेऊन जाणाऱ्याच्या कामी येईल असं हवं.

अर्ज लिहून देणारा, सिव्हिल लाइन्स

"केंद्राचं ऑफिस आहे, हिंदीत नाहीतर इंग्रजीत आणा" असं खिडकीवर सांगतात. हे चूक आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं, मग अधिकारी केंद्राचा असो की राज्याचा. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला तर कलम ६(१) मध्येच इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा अशी मुभा आहे. नागपुरातल्या केंद्रीय कार्यालयात मराठी अर्ज चालतो, चाललाच पाहिजे.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा भाषेमुळे नव्हे, फीमुळे. राज्याच्या कार्यालयात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की झालं. तोच स्टॅम्प केंद्राच्या कार्यालयात चालत नाही. तिथे रोख, डिमांड ड्राफ्ट किंवा १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, आणि ती त्या कार्यालयाच्या लेखा अधिकाऱ्याच्या नावे. पोस्टल ऑर्डर कोरी ठेवून जोडू नका. शब्दमर्यादाही वेगळी. राज्याच्या नियमात १५० शब्द आणि एकच विषय, केंद्राच्या नियमात साधारण ५०० शब्द.

अर्ज मराठीतच ठेवा, पण दोन गोष्टी करा. विषयाची ओळ खाली इंग्रजीतही टाका, म्हणजे आवक शाखेतून कागद योग्य टेबलावर जातो. आणि जो दस्तऐवज मागताय त्याचं नाव त्या कार्यालयात जे चालतं तेच लिहा. 'लॉगबुक'ला 'नोंदवही' केलं की "अशी कोणतीही नोंदवही या कार्यालयात नाही" असं उत्तर येतं, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरंही असतं.

उत्तर कोणत्या भाषेत येणार, इथे मात्र माप सारखं नाही. राजभाषा नियम, १९७६ मधला नियम ५ म्हणतो की हिंदीत आलेल्या पत्राला केंद्रीय कार्यालयाने हिंदीतच उत्तर द्यावं. मराठी पत्रासाठी असा नियम नाही. मराठी अर्जाला हिंदी उत्तर आलं तर त्यावर भांडत बसू नका, त्यात माहिती पूर्ण आहे का ते बघा.

वर्ध्याहून ये-जा करणारा

एक छोटी दुरुस्ती आधीच, नाहीतर पुढे कोणीतरी लिहीलच. संविधानात 'राष्ट्रभाषा' असा दर्जा कोणत्याही भाषेला नाही. अनुच्छेद ३४३ मध्ये देवनागरीतली हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे. महाराष्ट्राची राजभाषा मराठी, १९६४ च्या अधिनियमाने. आपल्या भागात 'राष्ट्रभाषा' हा शब्द तोंडी बसला त्याला वर्ध्याची १९३६ सालची राष्ट्रभाषा प्रचार समिती बरीच कारण आहे. तो चळवळीचा शब्द होता. तक्रार अर्जात मात्र तो वापरू नका; पहिल्याच ओळीत समोरच्याला आयता मुद्दा मिळतो.

अनुवादक, धंतोली

हिंदी आणि मराठीची लिपी एक, म्हणून भाषांतर सोपं, असं समजणाऱ्यांचे कागद दुरुस्त करण्यातच आमचा अर्धा दिवस जातो. अनोळखी शब्द धोका देत नाही, तो माणूस कोशात बघतो. ओळखीचा शब्द फसवतो.

छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडून येणारे न्यायालयीन कागद घ्या. "प्रकरण में राजीनामा हो गया" म्हणजे तडजोड झाली, कोणी नोकरी सोडलेली नाही. 'आपत्ति' म्हणजे हरकत. मराठीत 'आपत्ती' लिहिलं की पूर आला असं वाटतं. 'सूचना' तिकडे माहिती, इकडे निर्देश. 'शिक्षा' तिकडे शाळेत मिळते, इकडे कोर्टात. 'टीका' म्हणजे लस. 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. 'अभ्यास' म्हणजे सराव. 'यातायात नियंत्रण' याचं मराठी वाहतूक नियंत्रण. मराठी माणसाची यातायात तो कागद मिळवताना होते.

पदनामांत याहून वाईट. रेल्वेच्या हिंदीत 'मंडल' म्हणजे डिव्हिजन, त्याचं मराठी 'विभाग'. पण 'मंडल' दिसलं की हात 'मंडळ' लिहितो, आणि मराठीत 'रेल्वे मंडळ' म्हणजे दिल्लीचा रेल्वे बोर्ड. एका 'ळ'ने नागपूरचा अर्ज दिल्लीला जातो. 'मंडल रेल प्रबंधक' हे 'विभागीय रेल्वे व्यवस्थापक' असंच हवं. 'नगर निगम' म्हणजे महानगरपालिका, पण सुटा 'निगम' आला तर बहुधा महामंडळ. मध्य प्रदेशाचा 'संभाग' हा आपला महसुली 'विभाग'.

पद्धत अशी ठेवा: आधी सगळी पदनामं, कार्यालयांची नावं आणि कायद्यांची नावं वेगळ्या कागदावर काढायची, त्यांचे पर्याय भाषा संचालनालयाच्या पदनाम कोशात, शासन व्यवहार कोशात आणि न्याय व्यवहार कोशात बघायचे, मग मजकुराला हात घालायचा. उलट केलं की पान ३ वर 'अधीक्षक' आणि पान ११ वर 'पर्यवेक्षक' असा एकच माणूस दोनदा येतो. कोशातला शब्द जड वाटला तरी पदनामात तोच ठेवा. मजकुरात मात्र लोक बोलतात तो चालेल. संस्कृतातून शब्द पाडण्याचा मोठा कारखाना याच शहरात कोशकार डॉ. रघुवीरांनी चालवला होता, तेव्हा जड शब्दांची तक्रार नागपूरकरांनी जरा जपूनच करावी.

कोर्टाचं काम करणारा, सदर

वरच्यात भर. राज्यातल्या जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी झाली. उच्च न्यायालयात अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी. राज्यपाल राष्ट्रपतींच्या संमतीने कामकाजात राज्याची भाषा वापरायला परवानगी देऊ शकतात. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार इथे हिंदीला ती मिळालेली आहे. आपल्याकडे मराठीला नाही. म्हणून खाली मराठीत चाललेला खटला वर जाताना इंग्रजीचा उंबरा ओलांडतो, आणि तिथेच बोली ठेचकाळते.

सगळ्यात महागात पडणारं क्रियापद म्हणजे 'राहणे'. साक्षीदार म्हणतो, "तो घरी येऊन राहिला होता." नागपुरी बोलीत याचा अर्थ तो घरी येत होता, वाटेत होता. प्रमाण मराठी वाचणारा भाषांतरकार लिहितो की तो घरी येऊन मुक्कामाला होता. घटनेच्या वेळी माणूस रस्त्यावर की घरात, हेच बदललं. तसंच "पैसे भेटले" म्हणजे मिळाले.

जमिनीच्या वादात 'धुरा' शब्द येतो. आपल्याकडे धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. पुण्याकडचा वाचणारा नेतृत्वाची धुरा समजतो. 'वावर' (शेत), 'पांदण' (शेतरस्ता), 'मौजा' (महसुली गाव), 'आराजी' (जमिनीचं क्षेत्र), 'प.ह.नं.' (पटवारी हलका नंबर, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीचा क्रमांक) हे सगळे शब्द भाषांतरात मूळ लिपीत ठेवून पुढे अर्थ द्यावा. जबाब नोंदवतानाही बोलणाऱ्याचं वाक्य अवतरणात जसंच्या तसं ठेवायला सांगा. लेखनिकाने सुधारून प्रमाण केलेलं वाक्य उलटतपासणीत टिकत नाही, कारण साक्षीदार तसं बोलतच नाही.

जातपडताळणीसाठी जुने पुरावे काढताना दाखलखारीज रजिस्टर (शाळेतल्या प्रवेशांचं) आणि कोतवाल पंजी (गावातल्या जन्म-मृत्यूंची) हेच शब्द वापरा. 'जन्म नोंदवही' मागितली तर इथला रेकॉर्ड कीपर हलत नाही. तारखा लक्षात ठेवा: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर आणि भाषांतर अशी दोन वेगळी पानं करून घ्या. दोन्ही एकाच परिच्छेदात मिसळली की समितीला शब्द पडताळता येत नाही.

पाट्या रंगवणारा, महाल

आमचं थोडक्यात. दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरीत, सुरुवातीला, आणि तिची अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत. २०१७ च्या कायद्यात २०२२ ला सुधारणा झाली तेव्हापासून दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानालाही हे लागू आहे. पुष्कळ जण इंग्रजी नावच देवनागरीत लिहून घेतात.

केंद्रीय कार्यालयाची पाटी वेगळी: वर मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी, तिन्हींची अक्षरं एका मापाची. ठेकेदार काय करतो, की देवनागरी एकदाच लिहितो आणि म्हणतो दोन्ही झाल्या. नाही झाल्या. मराठीत 'नागपूर', हिंदीत 'नागपुर'. गावाच्या नावातला 'पूर' मराठीत दीर्घ. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घाचा हा फरक बघून घ्या. स्टेन्सिल कापायच्या आधी दोन्ही मजकूर वेगळ्या कागदावर सही करून मागा, कारण कापलेल्या पत्र्यातून उकार बदलत नाही.

टायपिंगवाला, सीताबर्डी

काहून कोणी 'ऱ्ह'बद्दल लिहून नाही राहिलं? आमच्याकडे सगळ्यात जास्त फायली त्याच्यामुळेच परत येतात बाप्पा.

'कऱ्हाडे' हे आडनाव संगणकात तीन तऱ्हेनं लिहिलं जाते. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, हलन्त, मग ह. दोन, साधा र, खाली नुक्ता, हलन्त, मग ह. तीन, र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह, मग ह. पडद्यावर तिन्ही सारखे. शोधाले गेलं तर यादीत नाव सापडत नाही. युनिकोडचं सामान्यीकरण चालवलं की पहिले दोन एक होतात, तिसरा तसाच राहते. तो शोधून-बदलून हातानंच काढा लागते. 'ॲ'चंही तेच. मराठीचा 'ॲ' हे एकच अक्षर, पण जुन्या फायलीत 'अ'वर चंद्र ठेवलेला असते. म्हणून 'ॲड.' शोधलं की निम्मे वकील गायब.

कृतिदेव या जुन्या फॉन्टातल्या फायली युनिकोडमध्ये आणताना कन्व्हर्टर हिंदीसाठी बनवलेला असन तर 'ळ', 'ऱ्य' आणि 'ॲ' एवढे तीन नक्की तपासा. आणि 'ल', 'श' चा आकार: २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' सांगितला आहे. कोड एकच, आकार फॉन्ट ठरवते. मजकुराची भाषा 'मराठी' लावा, 'हिंदी' लावली की कित्येक फॉन्टांत हिंदी वळणाचा 'ल' येते. छापल्यावर दिसते, तोवर ५०० प्रती निघालेल्या असतात.

बँकेच्या काउंटरवरून

चेक मराठीत लिहिता येतो. हिंदी, इंग्रजी किंवा त्या राज्याची भाषा, तिन्ही चालतात. भरणा पावती आणि खातं उघडण्याचा फॉर्मही तीन भाषांत ठेवायचा असतो. नसेल तर मागा, बहुतेकदा कपाटात असतो. अक्षरी रकमेत 'दीड लाख', 'अडीच हजार' लिहू नका. 'एक लाख पन्नास हजार फक्त' लिहा. आणि 'पाच'च्या पुढे जागा सोडली की तिथे 'शे' घुसवता येतो, ते कोणत्याही भाषेत.

गोंडी शिकवणारा, रामटेक भाग

हे शहर वसवलं बख्त बुलंद शाहाने, म्हणजे गोंड राजाने. आज इथल्या एकाही खिडकीवर गोंडी चालत नाही, आणि वरच्या चर्चेतही ती शेवटी आली.

गोंडी ही मराठीची किंवा हिंदीची बोली नाही. ती द्राविडी कुळातली स्वतंत्र भाषा आहे. २०११ च्या जनगणनेत तिचे सुमारे २९.८ लाख भाषक नोंदले गेले. बोडोचे १४.८ लाख आणि मणिपुरीचे १७.६ लाख, पण त्या दोन्ही संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आहेत, गोंडी नाही. अनुसूचीत असल्याने नेमकं काय मिळतं? केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा त्या भाषेत लिहिता येते, राजभाषा आयोगात प्रतिनिधित्व मिळतं. न्यायालयात किंवा तहसिलीत आपोआप काही मिळत नाही. अनुच्छेद ३५० मात्र अनुसूचीचं नावही घेत नाही. तेव्हा गोंडीतलं निवेदन कागदावर वैध आहे. व्यवहारात ते देवनागरीत लिहा आणि खाली चार ओळींचा मराठी गोषवारा जोडा, नाहीतर ते वाचायला माणूस सापडेपर्यंत पडून राहतं.

अडचण लिपीचीही आहे. मसराम गोंडी लिपी २०१७ ला आणि गुंजाला गोंडी २०१८ ला युनिकोडमध्ये आली, पण पोरांच्या मोबाइलवर फॉन्ट नसला की चौकोन दिसतात. शिकवणीचा तक्ता करताना देवनागरी सोबत ठेवा. शब्दही भागाप्रमाणे बदलतात: घराला कुठे 'रोन', कुठे 'लोन'. तक्त्यावर दोन्ही लिहा, एक खोडू नका.

प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकवण्याची सोय करावी असं अनुच्छेद ३५०-अ सांगतो. १९४९ पासून चालत आलेलं माप असं: शाळेत त्या भाषेची ४० मुलं किंवा एका वर्गात १०. मागणीअर्जाला मुलांची वर्गवार यादी जोडली तरच त्यावर टिपण्णी होते. आणि जनगणनेचा प्रगणक दारात आला की मातृभाषा विचारतो, त्याखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषाही. गोंडी पहिल्या रकान्यात सांगा, मराठी-हिंदी पुढच्या दोनात. पोवारी बोलणाऱ्या भंडारा-गोंदियाकडच्यांनीही नाव नीट सांगावं. त्यांची नोंद वेगळी होते, पण बेरीज हिंदीतच धरली जाते.

अर्ज लिहून देणारा, सिव्हिल लाइन्स

माझ्या वरच्या लिहिण्यात माहितीच्या अधिकारातलं पहिलं अपील राहिलं. राज्याच्या कार्यालयात त्याला २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, केंद्राच्या कार्यालयात काहीच नाही. मुदत उत्तर हाती आल्यापासून ३० दिवस. उत्तर आलेला लिफाफा फेकू नका, टपालाच्या शिक्क्याशिवाय ते हाती कधी पडलं हे दाखवता येत नाही.