डेट्रॉइट टायगर्सनी ट्रेड डेडलाइनला हात आखडता घेतला ते बरोबर होतं का? आपला पिचर स्कूबलचा एकच सीझन उरलाय

नोव्हीकर
ऑफसीझनमध्ये रोज ट्रेडच्या अफवा उठतायत म्हणून विषय परत काढतोय, माझ्या डोक्यातून तो जातच नाहीये. २०२५ च्या जुलैअखेर, खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपताना, आपण काय घेतलं बघा, क्रिस पॅडॅक, चार्ली मॉर्टन, काइल फिनेगन, राफाएल मोंटेरो आणि इन्जर्ड असलेला पॉल सीवॉल्ड. सगळे पिचर (बॉल टाकणारे), त्यातला एक फिनेगन खरोखर कामाला आला. बॅट, म्हणजे बॅटिंगसाठी माणूस, एकही नाही. मॉर्टनला तर सप्टेंबरमध्येच सोडून दिला. आणि पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये, जुलैच्या सुरुवातीला क्लीव्हलँड साडेपंधरा गेम मागे होतं आणि डिव्हिजन (आपला गट) शेवटी त्यांनी नेली, ८८ विजय विरुद्ध ८७. एवढी मागे पडलेली टीम वर आली असं बेसबॉलच्या इतिहासात आधी कधी झालं नव्हतं, आणि ते नेमकं आपल्या बाबतीत.

केविन मॅगॉनिगल आणि मॅक्स क्लार्क या आपल्या उगवत्या पोरांना टीमचा कारभार बघणाऱ्या स्कॉट हॅरिसने हात लावू दिला नाही त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. लागोपाठ दोन साय यंग (लीगच्या सर्वोत्तम पिचरचं बक्षीस) घेतलेला स्कूबल तुमच्याकडे आहे, २०२६ नंतर तो फ्री एजंट, म्हणजे कुठेही जायला मोकळा होणार, एजंट स्कॉट बोरास, म्हणजे स्वस्तात राहील ही आशा सोडा. अशा वेळी मधला काहीच मार्ग नव्हता का? तुम्ही हॅरिसच्या जागी असता तर काय केलं असतं?

बुलपेन_बाबा
मी हॅरिसच्या बाजूने आहे आणि ठामपणे आहे. त्या डेडलाइनला ज्यांनी हात मोकळा सोडला त्यांचं काय झालं ते पण लिहा ना. पाड्रेसनी मेसन मिलरसाठी लिओ डी व्रीस दिला, अख्ख्या बेसबॉलमधल्या टॉप प्रॉस्पेक्टपैकी (उगवत्या खेळाडूंपैकी) एक, आणि प्लेऑफच्या पहिल्या फेरीत, वाइल्ड कार्डलाच, कब्सकडून घरी. मेट्सनी हेल्स्ली, ग्रेगरी सोटो, टायलर रॉजर्स, मलिन्स असे चार जण आणले आणि प्लेऑफलाच पोचले नाहीत. फिलीजनी ड्युरान आणला, चांगला खेळला तो, तरी डॉजर्सनी चार गेममध्ये गुंडाळलं. आणि डॉजर्सनी स्वतः काय घेतलं होतं? ब्रॉक स्टुअर्ट आणि ॲलेक्स कॉल, बस. वर्ल्ड सीरिज त्यांची. ऑक्टोबरमध्ये पाच गेमच्या सीरिजमध्ये काय होईल ते कुणी विकत घेऊ शकत नाही राव, पण मॅगॉनिगल हातात असला तर पुढची सहा वर्षं शॉर्टस्टॉपची चिंता मिटते.

ट्रॉयची_वैदेही
मी नवीन आहे, नवऱ्यामुळे बघायला लागले आणि आता तो झोपतो पण मी बघते. एक विचारू का, अजून वरच्या लेव्हलला एक बॉल न खेळलेल्या मुलाला एवढा भाव का? आयपीएलमध्ये तर अनकॅप्ड मुलासाठी कुणी सीनियर बॅट्समन सोडणार नाही.

बुलपेन_बाबा
वैदेहीताई, कारण पैसा. ड्राफ्टमधून आलेला मुलगा मेजर लीगमध्ये आला की साधारण सहा वर्षं तो टीमच्या ताब्यात असतो, पहिली तीन वर्षं जवळजवळ मिनिमम पगारावर, मग आर्बिट्रेशन (लवादाने पगार ठरवणं), मग कुठे फ्री एजंट. इथे दर वर्षी ऑक्शन नाही. डेट्रॉइटसारख्या टीमला न्यूयॉर्क किंवा एलए इतका खर्च परवडत नाही, म्हणून फार्ममधून, म्हणजे आपल्याच खालच्या टीम्समधून, पोरं वर आली तरच टीम उभी राहते. स्कूबल स्वतः २०१८ च्या ड्राफ्टमध्ये नवव्या राउंडला मिळालेला आहे.

जुनी_टायगर
मी १९८७ मध्ये लॅन्सिंगला होते म्हणून लिहिते. त्या ऑगस्टमध्ये आपण अटलांटाकडून पिचर डॉयल अलेक्झांडर घेतला, वय ३६, आणि त्याने काय केलं तर ९ जिंकले, एकही हरला नाही, ईआरए (दर नऊ इनिंगला दिलेले रन) १.५३. शेवटच्या दिवशी टोरोंटोला मागे टाकून डिव्हिजन घेतली, आमच्या बिल्डिंगमध्ये लोक जिन्यात उभे राहून ओरडत होते. मग मिनेसोटाने पाच गेममध्ये संपवलं, त्यात अलेक्झांडर दोन्ही वेळा हरला. बदल्यात दिलेला मुलगा होता जॉन स्मोल्ट्झ, आमच्या लॅन्सिंगचाच, टायगर्सचा वेडा. तो आज हॉल ऑफ फेममध्ये आहे आणि टोपी अटलांटाची.

२०१४ ला पुन्हा तेच. पिचर डेव्हिड प्राइससाठी ऑस्टिन जॅक्सन, स्मायली आणि अठरा वर्षांचा विली अडामेस दिला. ओरिओल्सनी तीन गेममध्ये झाडून काढलं. अडामेस नंतर किती मोठा झाला ते बघतोच आहोत. त्यामुळे कुणी प्रॉस्पेक्ट जपतो म्हटलं की मला त्याचा राग येत नाही, बरं वाटतं. पण नोव्हीकर, तुझा मुद्दा बॅटचा आहे, तो खोटा नाहीये.

औंधकर
मी आता पुण्यात परत आलोय पण प्लेऑफमधली सिअॅटलविरुद्धची ती पाचवी मॅच अख्खी बघितली, इथे शनिवारी सकाळी चालू झाली आणि संपली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते, १५ इनिंग. स्कूबलने सहा इनिंगमध्ये १३ जण स्ट्राइकआउट केले, त्यातले सात लागोपाठ, आणि ९९ पिच झाल्यावर तो बसला तेव्हा आपण २-१ पुढे होतो. ते दोन्ही रन आपल्या केरी कारपेंटरच्या एकाच होमरचे (होम रनचे). सातव्यात त्यांच्या लिओ रिव्हासने बरोबरी केली. मग आठव्यापासून पंधराव्यापर्यंत आपला एक रन नाही, एकसुद्धा नाही, प्रत्येक वेळी कुणीतरी बेसवर जायचं आणि पुढचा मोठा शॉट मारायला जाऊन आउट व्हायचा. शेवटी त्यांच्या पोलँकोने सिंगल मारला आणि खेळ खलास. तेव्हा मला एकच वाटत होतं, हा पिचर असा टाकतोय आणि आपल्याकडे एक रन काढून देणारा माणूस नाही. बाबांची ती पाड्रेस-मेट्सची यादी बरोबर आहे, पण त्या रात्री आपल्याला पाच माणसं नको होती, एक हवा होता.

नोव्हीकर
हेच, हेच म्हणतोय मी. आणि आता भाव बघा. जॉश नेलर सिअॅटलने ॲरिझोनाकडून घेतला तो दोन पिचर देऊन, ब्रँडन गार्सिया आणि ॲश्टन इझी. युहेनिओ सुआरेझसाठी टायलर लॉकलियर, हुआन बर्गोस आणि हंटर क्रँटन. यातला एक तरी मॅगॉनिगलच्या जवळपासचा आहे का? नाही ना? म्हणजे 'बॅट हवी तर मॅगॉनिगल द्यावाच लागला असता' हे जे आपल्याला ऐकवलं जातं त्यात दम नाही. दुसऱ्या फळीतली पोरं देऊन काम झालं असतं, आपल्या फार्ममध्ये तशी आहेत. सुआरेझ तर मूळचा आपलाच, २०१४ ला आपल्याकडेच पहिली मॅच खेळला, आणि आपण तो अल्फ्रेडो सायमनसाठी देऊन टाकला होता.

बुलपेन_बाबा
भाव दुसऱ्याला काय लागला त्यावरून आपल्याला काय लागला असता ते ठरत नाही, ॲरिझोनाला आपल्याकडचे कोण आवडले असते कुणास ठाऊक. नेलर फर्स्ट बेसवाला, तिथे आपला टॉर्कल्सन ३१ होमर मारून उभा आहे. सुआरेझ तिकडे गेल्यावर रेग्युलर सीझनमध्ये .१८९ च्या बॅटिंग ॲव्हरेजने खेळला. तोच इथे तसा खेळला असता तर याच लोकांनी हॅरिसला फाडून खाल्लं असतं. टॉर्कल्सनला डीएच (फक्त बॅटिंग करणारा) करा म्हणाल, मग कारपेंटर रोज आउटफिल्डला, आणि त्याची तब्येत तुम्हाला माहितीये.

बेलव्ह्यूची_मृण्मयी
सिअॅटल मरिनर्सवाली आहे, मला हाकलू नका :) सुआरेझची ॲव्हरेज दिसायला वाईट आहे हे खरं, पण .१८९ मध्ये १३ होमर होते, आणि एक तुमच्याच कोमेरिका स्टेडियममध्ये तिसऱ्या गेमला. मग पुढच्या फेरीत टोरोंटोविरुद्ध पाचव्या गेममधला तो ग्रँड स्लॅम (चार रनचा होमर), तेव्हा स्टेडियममध्ये माझ्या बाजूला बसलेले अनोळखी आजोबा मला मिठी मारून रडत होते, १९७७ पासून आमची टीम एकदाही वर्ल्ड सीरिजला गेलेली नाही. नाहीच गेलो शेवटी, सातव्या गेमला आठ आउट बाकी होते आणि त्यांच्या स्प्रिंगरने होमर मारला. तरी सांगते, मला डेडलाइनबद्दल एका क्षणाचा पस्तावा नाही. नेलर आल्यावर आमच्या डगआउटचा चेहरा बदलला, आणि आता तर तो पाच वर्षांसाठी राहिलाय. खेळाडूंना कळतं वरच्यांनी आपल्यावर विश्वास टाकला की नाही ते.

जुनी_टायगर
मृण्मयी, तुला कोण हाकलणार, छान लिहिलंस. तुझं शेवटचं वाक्य मला पटलं. बाबा, तुम्ही मॅगॉनिगल वाचवल्याबद्दल हॅरिसची बाजू घेताय पण मॅगॉनिगलवर इथे कुणी बोट ठेवलेलंच नाही. आपले पिचर, ओल्सन खांद्यामुळे बाहेर, जोबचं कोपराचं ऑपरेशन, म्हणून पिचर आणले ते समजू शकते. पण जुलैभर बॅटिंग ढासळताना दिसत होती आणि थर्ड बेसला रोज वेगळा माणूस उभा होता, मॅकिन्स्ट्री ऑल-स्टार झाला तरी तो सगळीकडे वापरायचा माणूस आहे. मी हॅरिसच्या जागी असते तर क्लार्क आणि मॅगॉनिगल तिजोरीत, बाकी कुणाबद्दलही फोन घेतला असता. त्यात थायरॉन लिरान्झोसुद्धा आला, २०२४ ला पिचर फ्लॅहर्टी देऊन मिळवलेला असला तरी.

बुलपेन_बाबा
लिरान्झो दिला असता? कॅचर आहे तो, डिंगलरनंतर कोण मग?

जुनी_टायगर
डिंगलर आहे आणि जेक रॉजर्स आहे. सत्ताविशीचा डिंगलर गोल्ड ग्लव्ह (फील्डिंगचं बक्षीस) घेऊन बसलाय, त्याच्यानंतर कोण हा प्रश्न २०२९ चा. स्कूबलचा प्रश्न येत्या जुलैचा आहे.