भाऊ सेकंड इयरला, गेमिंग टीमचा करार हातात. पाठवावं का? (नागपूर)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढून राहिले. लांबलाय, सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ २० वर्षांचा. हिंगणा रोडकडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दोन विषय मागचे राहिलेत. त्यातला एक गणिताचा, तो आमच्या घराण्यातच राहतो. हजेरी ५८ टक्के, लागते ७५. कारण एकच, प्रॅक्टिकल दोन ते चार आणि त्याच्या गेमिंग टीमच्या स्क्रिम्स, म्हणजे सरावाच्या मॅचेस, तीनला. एकदा लोकमान्यनगरला मेट्रोत बसून पहिली मॅच सीताबर्डीपर्यंत खेळल्याचं त्यानं स्वतःच कबूल केलंय.

तो बीजीएमआय खेळतो, म्हणजे पबजीचाच भारतातला अवतार, मोबाइलवरचा लढाईचा गेम. चौघांच्या टीमचा आयजीएल आहे, म्हणजे कुठं उतरायचं, गाडी कधी काढायची, कोणाला अंगावर घ्यायचं हे तो ठरवतो. आता एका ऑर्गनं, म्हणजे गेमिंग टीम पगारावर ठेवणाऱ्या संस्थेनं, चौघांनाही उचललंय. नवी मुंबईत एका फ्लॅटमध्ये बूटकॅम्प (एकत्र राहून सराव), राहणं-जेवण त्यांचं, महिना १८ हजार, करार ११ महिन्यांचा, रुजू १ जूनला. परीक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यात. आठ दिवसांत कळवायचंय.

"आधी शिक्षण पूर्ण कर म्हणा" एवढंच लिहायचं असेल तर ते मी त्याला वर्षभर म्हणून चुकलेय. परवा मात्र दुपारी त्याच्या खोलीत गेले. बाहेर ४५ डिग्री आणि कूलर बंद. म्हटलं, बटण तरी दाब. त्यानं न बघता हात वर केला, थांब म्हणून. नंतर कळलं, कूलरची घरघर माइकमध्ये जाते आणि बाकीच्यांना शत्रूच्या पावलांचा आवाज ऐकू येत नाही. अंगात बनियन, डोक्यावर ओला पंचा, घामानं बोट स्क्रीनवर अडकू नये म्हणून दोन्ही अंगठ्यांना कापडी टोप्या. फोन तापला की गेम अडखळतो, म्हणून फोनच्या पाठीला चिमुकला पंखा लावलेला. फोनला पंखा, याला नाही! आणि बोलत होता अगदी हळू, "झोन डावीकडं येईन, गाडी तिथंच राहू दे, स्मोक वाचव." दूध आणायला सांगितलं तर दह्याचं पाकीट आणणारा पोट्टा हा. तिघं जण निमूट ऐकत होते त्याचं.

बाबा एसटीतून रिटायर झालेत. त्यांचं म्हणणं, "टीव्हीवर सांगितलं ना गेमिंग बंद झालं म्हणून, मग हा काय जुगार खेळून राहिला का?" ऑगस्ट २०२५च्या कायद्यानं बंद झाले ते पैसे लावून खेळायचे गेम, ई-स्पोर्ट्स त्याच कायद्यात वेगळे धरलेत, आणि डिसेंबर २०२२पासून ते क्रीडा मंत्रालयाकडे आहेत, हे सगळं मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग नोकरीत स्पोर्ट्स कोटा लागते काय याले?" मी गप्प.

भावाचं म्हणणं वेगळंच. "दिव्या देशमुख आपल्या नागपूरचीच ना? १९व्या वर्षी वर्ल्ड कप जिंकला. तिला कोणी विचारलं, डिग्री कुठाय म्हणून?" यावर मात्र माझ्याकडं उत्तर आहे. बुद्धिबळाच्या ६४ घरांचा कोणी मालक नाही. तुझा पट एका कंपनीचा आहे. सप्टेंबर २०२०मध्ये पबजीवर बंदी आली. नवं नाव घेऊन २०२१ला परत आला, तर जुलै २०२२मध्ये पुन्हा अॅप स्टोअरवरून गायब, तो मे २०२३ला उगवला. तेव्हा हा अकरावीत होता म्हणून निभावलं.

मी धंतोलीत एका कर सल्लागारांकडं काम करते, त्यामुळं करार मीच वाचला. २२ पानं. बक्षिसातले ३० टक्के ऑर्गचे. टीमनं १ लाख जिंकले, तर ३० हजार कर आधीच कापला जाणार, उरले ७०. त्यातले २१ ऑर्गचे, उरले ४९. कोच धरून पाच वाटे, म्हणजे प्रत्येकी ९,८००. हेही चालेल एक वेळ. पण यानं मध्येच सोडलं तर ३ लाख भरायचे, आणि त्यांना हा नको झाला तर १५ दिवसांची नोटीस पुरे. हे कलम मी तीनदा वाचलं.

तर प्रश्न असे. कॉलेजातून एक वर्ष रीतसर थांबता येतं का? अर्धं शिक्षणशुल्क महाडीबीटीवरून माफ होतं, ते पुढं अडकेल का? आणि अशा करारात घासाघीस होते का, की "घ्या नाहीतर सोडा" असंच असतं?

(खरं सांगते, थोडी जळफळही आहे. मी सीए इंटर सोडलं तेव्हा घरात कोणी धागाबिगा काढला नव्हता.)

---

तर्रीबाज: आधी डिग्री. बाकी सगळे चोचले.

अर्धवट_इंजिनिअर: ताई, मी २०२२च्या बंदीत सापडलेला. आमची टीम पंधरा दिवसांत मोडली, मी तेव्हा थर्ड इयरला डिटेन झालो होतो, म्हणजे वर्ष अडकलं होतं. गेम बंद पडला तर पगाराचं काय आणि त्या ३ लाखांचं काय, हे करारात लिहून घ्या. माझ्या करारात त्यावर एक ओळ नव्हती. आणि घासाघीस होते, बिनधास्त करा. आयजीएल सहजी मिळत नाही, त्याच्याशिवाय उरलेले तिघं त्यांच्या कामाचे नाहीत. परीक्षा झाल्यावर येतो म्हणावं. "उद्याच या" म्हणणारी ऑर्ग पुढंही तशीच वागते.

खडू_फळा: मी इंजिनिअरिंगला शिकवते (दुसऱ्या शहरात). पोरं न सांगता गायब होतात, तिथंच घोळ होतो. हजेरीत डिटेन होणं वेगळं आणि अर्ज करून, मंजुरी घेऊन वर्षभर थांबणं वेगळं. भावाला नाही, तुम्ही स्वतः शैक्षणिक विभागात जा आणि मंजुरी लेखी घ्या, शिष्यवृत्तीचंही त्याच टेबलावर विचारा. मिळवलेले क्रेडिट अॅकॅडेमिक बँकेत, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन खात्यात, राहतात, पण परत प्रवेश कॉलेजच्या नियमानं. आणि यंदाच्या परीक्षेला त्याला बसू देणार आहेत का? ५८ टक्क्यांत मला शंका आहे.

तर्रीबाज: बरं, चोचले मागे घेतो. ३ लाखांचं कलम वाचलं नव्हतं. ते आधी काढायला लावा.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. @खडू_फळा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. नाव कमी हजेरीच्या यादीत होतं आणि याला माहीत होतं! काल अर्धा दिवस रजा टाकून गेले. असाइनमेंट भरून दिल्या तर परीक्षेला बसू देतील. सात विषयांच्या आहेत, आत्ता माझ्या समोर बसून लिहून राहिला. वर्षभराच्या सुट्टीचा अर्ज निकालानंतर द्या म्हणाले, शिष्यवृत्तीचं त्यांनाही विचारून सांगायचंय.

ऑर्गला फोन लावला. रुजू व्हायची तारीख २० जून मान्य. गेम बंद पडल्यास करार आपोआप संपेल, हेही लिहून देतो म्हणाले. ३ लाखांवर मात्र आडून बसलेत, १ लाखावर यायला तयार आहेत. मी शून्यावर अडलेय.

बाबांनी होकार दिलेला नाही. रात्री जेवताना फक्त विचारलं, तिकडं नवी मुंबईत कूलर लागते काय. म्हटलं नाही, दमट हवा आहे, कूलर चालतच नाही. "हं," म्हणाले आणि ताक मागितलं.

नागपुरात असे करार वाचणारे वकील कोणाच्या ओळखीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शुक्रवारपर्यंत वेळ आहे.