मदत हवी आहे: आईच्या ऑपरेशनबरोबर पोटात गरम किमो द्यायची म्हणतात, हो म्हणावं का?

मानेवाडाकर:

मंडळी, एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर भांडायला येतो. आज काम वेगळं आहे. लांबलंय, सांभाळून घ्या.

आई ६२ वर्षांची, काटोलला असते. दिवाळीपासून तिचं पोट फुगायचं, दोन घास खाल्ले की भरून यायचं. तिथल्या डॉक्टरांनी दोन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, आम्हीही "तिखट कमी खा" म्हणत राहिलो. संक्रांतीला साडी नेसताना निऱ्या पुरेनात, तेव्हा तीच म्हणाली की हे काही वाताचं पोट नाही. नागपुरात आणलं, साडेतीन लिटर पाणी काढलं. ओव्हरीचा कॅन्सर, स्टेज ३सी. पोटाच्या आतल्या अस्तरावर आणि आतड्यांवर जी चरबीची झालर असते त्या ओमेंटमवर दाणे पसरलेले.

कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल या किमोचे तीन सायकल झाले. रक्तातला सीए-१२५ (या कॅन्सरचा अंदाज देणारा आकडा) १८४० वरून ११२ वर आला, पाणी पुन्हा भरलं नाही. केस गेले, पण बाई चालतीफिरती आहे. परवा गोळाभातावर फोडणीचं तेल कमी पडलं म्हणून सुनेला ऐकवूनही झालं.

आता ऑपरेशन. सर्जन म्हणतात, ओव्हरी, गर्भाशय, ओमेंटम आणि जिथे जिथे रोग दिसेल ते अस्तर काढू, आणि पोट शिवायच्या आधी टेबलावरच दीड तास गरम किमो आत फिरवू. याला हायपेक म्हणतात. आमचे किमोचे डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन नीट झालं तर त्याची गरज नाही, उरलेले तीन सायकल शिरेतून देऊच. दोघंही शांतपणे समजावतात, दोघंही घाई करत नाहीत. एक जरी उर्मट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

हायपेकचे वेगळे पावणेदोन लाख सांगितलेत. मामा म्हणतो वावर विकू पण करा. बाबा काहीच बोलत नाहीत. आईला मी "पोटात गरम औषध फिरवतात" एवढंच सांगितलं, तर म्हणाली, "आतून वाफारा देऊन राहिले काय मले?"

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा: पहिले पंधरा दिवस कसे गेले? आणि सर्जनला नेमकं काय विचारावं? डॉक्टर समोर आले की माझं डोकं कोरं होतं.

संत्राबर्फी:

दादा, माझ्या सासूबाईंचं दोन वर्षांपूर्वी झालं, पुण्यात. हाच आजार, हीच स्टेज. सकाळी आठला आत नेलं, संध्याकाळी साडेसहाला बाहेर. चार दिवस आयसीयू. आम्ही किमोच्या उलट्यांची तयारी ठेवली होती. त्रास झाला तो आतड्यांचा. ती झोपूनच गेली. नाकातून नळी, आठ दिवस तोंडाने पाणीसुद्धा नाही, आणि सगळं घर वारा सरला का याची वाट बघतंय! सरला त्या दिवशी नणंदेने वॉर्डात पेढे वाटले, खोटं नाही सांगत. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढलं होतं, आठवड्याभरात उतरलं. सोळाव्या दिवशी घरी आलो.

आत्तापासून करायचं म्हणजे श्वास आत ओढून तीन गोळ्या वर उचलायचं ते खेळणं आणा आणि आईकडून रोज करून घ्या. रोज चालवा. अंडी, डाळ, पनीर, जे चालेल ते, पण प्रोटीन वाढवा. आणि रात्रीला माणूस ठेवा. आम्ही हट्टाने सगळं स्वतः केलं आणि दहाव्या दिवशी नवराच तापाने पडला.

भूलभुलैया:

मी सर्जन नाही, भूल देणारा आहे. या केसमध्ये टेबलाच्या डोक्याकडे उभा असतो, त्यामुळे तिथून दिसतं ते सांगतो.

शिरेतून दिलेलं औषध पोटाच्या अस्तरापर्यंत जेमतेम पोचतं. रक्त आणि त्या अस्तराच्या मध्ये एक पडदा असतो. तो उलट्या बाजूनेही अडवतो, म्हणून पोटात ओतलेलं औषध रक्तात हळूहळू उतरतं आणि शिरेतून झेपणार नाही एवढं तीव्र औषध तिथे वापरता येतं. उष्णतेने ते जास्त लागू पडतं. ४० ते ४३ अंशांवर तापवलेलं द्रावण पंपाने एका नळीतून आत जातं, दुसरीतून बाहेर येतं, पुन्हा तापतं, पुन्हा आत. बाईचं अंग तापू नये म्हणून आम्ही बाहेरून थंडावा देतो आणि लघवी किती होतेय यावर डोळा ठेवतो, कारण यात वापरतात त्या सिसप्लॅटिन औषधाचा पहिला मार किडनीवर.

पण हे औषध पेशींच्या थरात फार तर दोनतीन मिलिमीटर शिरतं. म्हणजे गाठ मागे राहिली तर वरून कितीही गरम किमो फिरवा, गाठ तशीच. सगळा भार सर्जनच्या हातावर आहे. दिसणारं सगळं निघालं तर त्याला सीसी-शून्य म्हणतात, अडीच मिलिमीटरपर्यंतचं उरलं तर सीसी-एक.

तुमच्या आईसारख्याच रुग्णांवर नेदरलँड्समध्ये चाचणी झाली, २०१८ साली छापून आली. स्टेज ३, आधी तीन सायकल, मग ऑपरेशन, २४५ बायका. नुसत्या ऑपरेशनवाल्यांचं मध्यमान आयुष्य ३३.९ महिने, हायपेकवाल्यांचं ४५.७. गंभीर त्रासांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं, २५ आणि २७ टक्के. तुमचे सर्जन याच आधारावर बोलत असणार. किमोचे डॉक्टरही चुकीचं बोलत नाहीयेत. एवढ्याशा चाचणीवर सगळ्यांना सरसकट हायपेक द्यावी का, यावर जाणकारांत अजून वाद आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये फ्रान्सच्या चाचणीत तर ऑक्सॅलिप्लॅटिन या दुसऱ्या औषधाची हायपेक देऊन आयुष्य वाढलं नाही. त्यामुळे शेजारच्या काकांचा अनुभव आईला लावू नका, आजार कोणता ते आधी बघा.

सर्जनला एवढंच विचारा: वर्षाला अशा किती केस करता, त्यातल्या किती सीसी-शून्य होतात, आणि आत गेल्यावर सगळं निघणार नाही असं दिसलं तर काय करणार?

हळदीकुंकू:

किमो म्हणजे विष. ४० दिवस गोमूत्र अर्क आणि कच्ची हळद घ्या, गाठ विरघळते. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करते.

मानेवाडाकर:

ताई, पत्ता नको. घरात आधीच दोन मावश्या आहेत.

रामझुला:

भूलभुलैयांच्या शेवटच्या प्रश्नावर मी अडकलो होतो. बाबांचं मोठ्या आतड्याचं. एका मोठ्या दवाखान्यात हायपेकचे पैसे आधीच भरून घेतले, उघडलं तर छोट्या आतड्यावर सगळीकडे पसरलेलं. बंद केलं. पैसे परत मिळवायला तीन महिने चकरा मारल्या, पण त्याचं एवढं नाही. बाबा शुद्धीवर आले आणि पहिलं विचारलं, "झालं ना सगळं?" कोणी काय सांगायचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं. तेव्हा आधी ठरवून ठेवा. आणि पोटाला शौचाची पिशवी लागू शकते का, हे आईला टेबलावर जायच्या आधी कळलेलं असू द्या.

दुसरं, पीसीआय आकडा विचारा, म्हणजे रोग पोटात किती पसरलाय ते. पोटाचे १३ भाग करून प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क देतात, जास्तीत जास्त ३९. आधी दुर्बिणीने बघून अंदाज घेता येतो. आमच्याकडे ते केलंच नाही. मग पुढे बाबांना पायपॅकबद्दल सांगितलं, दुर्बिणीतून किमोचा फवारा मारतात ते, पण तोवर त्यांची तब्येत राहिली नव्हती.

पैशांचं: महात्मा फुले योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला कागद दाखवून विचारा, तोंडी भरवसा ठेवू नका. आणि दुसरं मत हवं असेल तर मुंबईला टाटात एकदा फाईल दाखवा. दुरांतोने रात्री निघालं की सकाळी मुंबई.

मानेवाडाकर:

सगळ्यांचे आभार. काल भेट झाली. चिठ्ठी काढून विचारलं, सर्जन हसले नाहीत. किती केस केल्या, किती साफ निघाल्या, सगळे आकडे दिले. म्हणाले, आधी दुर्बिण टाकून बघू, सगळं निघण्यासारखं नसेल तर पोट उघडणार नाही, आणि हायपेकचे पैसे झाल्यावरच घेऊ. किमोच्या डॉक्टरांना त्यांनी समोरच फोन लावला. ते म्हणाले, किडनी चांगली आहे, साफ निघालं तर माझी हरकत नाही.

आईला या वेळी आत बसवलं होतं. तिने एकच विचारलं, पिशवी लागंन का. शक्यता कमी आहे, पण आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ती थोडा वेळ खिडकीकडे बघत बसली. मग म्हणाली, "पोट उघडूनच राहिले त धुऊनच टाका."

बाबा परत येताना गाडीत पहिल्यांदा बोलले. काटोल नाक्यावर थांबून चहा घेऊ म्हणाले.

ऑपरेशन पुढच्या गुरुवारी. खेळणं आणलंय, दोन गोळ्या वर जातात, तिसरी अजून नाही. रात्रीसाठी मावशीबाई मिळाल्या. आईचा रक्तगट ए निगेटिव्ह आहे, दोन दाते मिळालेत, अजून दोन हवेत. नागपुरात कोणी असेल तर बुधवारच्या आत व्यनि करा.