पीडीएफ प्रुफावर केलेल्या खुणा ऑपरेटरला दिसतच नाहीत, काय वापरू?

शाईपेन (नाशिकरोड)

घरी बसून मुद्रितशोधन करते. छापखाना नाशिकमधलाच (नोटांचा नव्हे, साधा ऑफसेटचा). पूर्वी त्यांचा पोरगा स्कूटरवरून प्रुफांचा गठ्ठा आणून टाकायचा आणि मी लाल पेनने खुणा करून परत द्यायचे. आता सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पीडीएफचा. त्यालाही माझी ना नाही, पण खुणा पोचायला तर हव्यात!

सध्या द्राक्षबागायतीवरचं पुस्तक हातात आहे. 'गोडी छाटणी'तली मात्रा उडून प्रकरणभर 'गाडी छाटणी' झालंय. मी शब्द पिवळा केला, वर टीप टाकली, 'गोडी, मात्रा राहिली'. दुसरं प्रूफ आलं तर गाडी जिथल्या तिथे, फक्त ठळक टायपात! ऑपरेटरला फोन केला तर म्हणे, "मॅडम, पिवळं केलेलं बोल्ड करायचं ना?" टीप त्याच्या नजरेला पडलीच नव्हती. तो फाइल फोनवर उघडून समोर ठेवतो आणि पीसीवर दुरुस्त्या करतो.

मग टीप सोडली आणि चौकट टाकून थेट पानावर लिहिलं. तर 'दिंडोरी'ची वेलांटी द च्या पलीकडे जाऊन पडली आणि 'द्राक्ष'मधली जोडाक्षरं सुटी झाली. दुसऱ्याच्या चुका दाखवताना मीच नव्या चुका पाठवायच्या?

लॅपटॉप विंडोजचा, साधा. पैसे भरून काही घेणार नाही, पानामागे काय मिळतं ते इथे न सांगितलेलं बरं. मराठी न मोडता लिहिता येईल आणि समोरच्याला दिसेल असं काही आहे का?

जुना खिळा

ताई, ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पीडीएफमध्ये खूण मजकुरात मिसळत नाही. प्रत्येक पानासोबत खुणांची वेगळी यादी असते. पिवळा रंग, टीप, चौकट या सगळ्याची नोंद तिथे होते. त्यातलं काय दाखवायचं ते फाइल उघडणारं अ‍ॅप ठरवतं. फोनवरचे बरेच प्रीव्ह्यू रंग दाखवतात आणि टीप गिळतात. ऑपरेटरला फाइल पीसीवर अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडायला लावा. बाजूला टिपांची यादी येते, टिपेवर क्लिक केलं की थेट त्या शब्दावर.

आता मोडकी मराठी. चौकटीत लिहिलेल्या मजकुराचं अ‍ॅप एक तयार रूप काढून फाइलमध्ये ठेवतं. ते काढताना त्याला देवनागरीची जुळणी जमली नाही की वेलांट्या इकडच्या तिकडे. टिपेत नुसता युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची पद्धत) मजकूर साठतो आणि उघडणाऱ्याच्या संगणकातला फॉन्ट तो दाखवतो. म्हणून मराठी टिपेतच लिहायची.

तुम्हाला फुकटातलं रीडर पुरे. 'रिप्लेस टेक्स्ट' घ्या, 'गाडी' सिलेक्ट करा, शब्दावर काट बसेल, टिपेत 'गोडी' लिहा. शब्द सुटला असेल तिथे 'इन्सर्ट टेक्स्ट'. ते तर आपली कागदावरचीच टोकदार खूण टाकतं. नुसता पिवळा रंग बंद करा, त्यातून कोण काय अर्थ काढेल सांगता येत नाही.

ओक्युलर नावाचं पीडीएफ अ‍ॅपही चांगलं आणि फुकट आहे. मात्र नवीच आवृत्ती घ्या. फार जुन्या आवृत्त्या खुणा पीडीएफमध्ये न लिहिता आपल्याच संगणकावर वेगळ्या ठेवायच्या, मग पलीकडे फाइल कोरी.

गोदाकाठचा

एवढं कशाला? प्रिंट टू पीडीएफ करून पाठवा, सगळं पक्कं होतं.

जुना खिळा

रंग आणि काट पक्की होते हो, टिपेतला मजकूर जातो. उरतं नुसतं चिन्ह. त्यापेक्षा रीडरच्या प्रिंटच्या खिडकीत 'समराइझ कॉमेंट्स' आहे, त्यात टिपांचा मजकूरही उतरतो. तो पीडीएफ करून पाठवला की फोनवरही वाचता येईल. मराठी नीट उतरते का, ते आधी एका पानावर बघा.

पानमांडणी

मी ऑपरेटरच्या बाजूचा. आम्हालाही फोनवर बघून दुरुस्त्या करायची हौस नसते, एकाच वेळी चार कामं उघडी असतात.

छापखान्यात पानं मांडायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर, २०१९ किंवा पुढचं असेल आणि प्रूफ त्यातूनच काढलेलं असेल, तर पीडीएफवरच्या टिपा थेट मूळ फाइलमध्ये आणता येतात. 'अ‍ॅक्सेप्ट' दाबलं की बदल होतो. कोरल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काम चालत असेल तर हे विसरा. आणि मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर अ‍ॅक्सेप्ट दाबूच नका म्हणावं, युनिकोड अक्षरं त्या फॉन्टमध्ये शिरून कचरा होतो. तिथे हातानेच टाइप करायला हवं.

कुठला फॉन्ट आहे ते ओळखायचं सोपं आहे. पीडीएफमधला शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. इंग्रजी अक्षरांची भेळ आली तर जुना फॉन्ट. अशा फाइलमध्ये 'गाडी' टाइप करून शोधलंत तर काही सापडणार नाही. पण तीच भेळ शोधायच्या चौकटीत पेस्ट करा, बहुतेक वेळा सगळ्या गाड्या सापडतात.

शाईपेन (नाशिकरोड)

पानमांडणी, भेळ चालली! सगळ्या गाड्या रांगेत आल्या. त्यात 'बाजार समितीत जाणारी गाडी' खरीच गाडी होती, ती ठेवली. ऑपरेटरने रीडर टाकून घेतलं, यादी बघून म्हणाला, "मॅडम, आधी का नाही सांगितलं?" यावर काय बोलणार.

आता एक नवीनच. लॅपटॉप सेकंडहँड घेतलेला, त्यामुळे प्रत्येक टिपेवर आधीच्या मालकाचं नाव येतंय. लेखकाने विचारलं, हे तिसरे गृहस्थ कोण?

जुना खिळा

प्रेफरन्सेसमध्ये 'कॉमेंटिंग' उघडा. टीप लिहिणाऱ्याचं नाव म्हणून लॉगिनचं नाव वापरायची खूण तिथे असेल, ती काढा. मग कुठल्याही टिपेवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', तिथे तुमचं नाव टाका आणि तेच कायम ठेवायची खूण करा. आधीच्या टिपांवरचं नाव आपोआप बदलणार नाही, लेखकांना तेवढं फोनवर सांगून टाका.